धरणाची उंची वाढवणे हा नव्या धरणापेक्षा खरोखरच सौम्य पर्याय आहे का?

मृण्मयी

जलविद्युत प्रकल्पांविषयीच्या चर्चेत अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. नवे धरण बांधण्यापेक्षा अस्तित्वात असलेल्या धरणाची उंची काही मीटरने वाढवावी. भिंत, वीजगृह, रस्ते आणि पारेषण वाहिन्या आधीच तयार असतात, नदी आधीच अडवलेली असते, त्यामुळे नव्याने होणारे नुकसान थोडेच असते, असे त्याचे स्वरूप असते.

मला हा युक्तिवाद पटत नाही. नुकसान मोजताना प्रत्येक वेळी फक्त वाढीव भाग हिशेबात घेतला जातो. पहिल्या धरणाने जे बुडवले ते इतिहासजमा धरले जाते आणि नव्या प्रस्तावाच्या अहवालात केवळ जुन्या व नव्या पाणीपातळीच्या मधला पट्टा उरतो. त्या पट्ट्यात कोण राहते, हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळते: पहिल्या वेळी उठवलेली माणसे. ज्यांना या विषयाची तांत्रिक किंवा प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे. विरोधी मतेही हवीत.

सांडवा

मी या क्षेत्रात अभियंता म्हणून काम केले आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली आणले तर टरबाइन व जनित्रातील घट वजा जाता जेमतेम पाव युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटसाठी चार हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. पाणीपातळी पाच मीटरने वाढली तर त्याच पाण्यातून सुमारे पाच टक्के जादा वीज मिळेल, पण खरा लाभ तो नाही. दरी वर जाताना रुंदावत जाते, त्यामुळे सर्वांत वरच्या काही मीटरांत तळाच्या तेवढ्याच मीटरांपेक्षा कितीतरी अधिक पाणी मावते. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी तेथे साठवता येते आणि मागणीच्या वेळी वापरता येते.

कोयनेचे उदाहरण घ्या. तेथे सांडव्याच्या दरवाज्यांवर पाच फुटांच्या झडपा बसवून साठा ९८.७८ टीएमसीवरून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) १०५.२५ टीएमसीवर नेण्यात आला. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेकडे फार मोठ्या उंचीवरून पडत असल्यामुळे पाच फुटांनी पडण्याच्या उंचीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वाढला तो साठा. नव्या जागी एवढे पाणी साठवायचे असते तर एक संपूर्ण दरी द्यावी लागली असती. नुकसान होते हे मला मान्य आहे, परंतु प्रत्येक वाढ सारखीच घातक मानणे योग्य नाही.

अनिकेत

मग सगळीकडे अशा झडपाच का बसवू नयेत?

सांडवा

कारण दरवाज्यांची उंची वाढवली की पूर सामावून घेण्यासाठी राखलेली मोकळी जागा कमी होण्याची शक्यता असते. धरण पावसाळा संपण्याआधीच काठोकाठ भरले आणि त्यानंतर मुसळधार पाऊस झाला, तर आलेला सर्व विसर्ग खाली सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. वीज हवी असेल तर जलाशय भरलेला हवा आणि पूर रोखायचा असेल तर रिकामा हवा, हा संघर्ष जलाशय परिचालनात कायमचाच आहे. वाढीव उंची नेमकी कोणत्या कामासाठी राखली जाणार, हे आधी लेखी ठरलेले नसेल तर वीजनिर्मितीची बाजू नेहमी वरचढ ठरते, हा माझा अनुभव आहे.

नीलकंठ

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला इतिहासातील सर्वांत ठळक आधार न्युबियाचा, म्हणजे दक्षिण इजिप्त व उत्तर सुदानमधील नाईलकाठच्या प्रदेशाचा आहे.

नाईल नदीवरचे अस्वानचे जुने धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले. ते सिंचनासाठी होते. त्यावर वीजगृह आले ते पुढे १९६० मध्ये. १९०७ ते १९१२ या काळात त्याची उंची पहिल्यांदा वाढवण्यात आली आणि १९२९ ते १९३३ या काळात दुसऱ्यांदा. प्रत्येक वेळी न्युबियन गावांनी आपली घरे उतारावर आणखी वर नेली. घरे वर नेता आली, पण काठची गाळाची सुपीक पट्टी आणि खजुराची झाडे वर नेता आली नाहीत. वरचा उतार म्हणजे वाळू आणि खडक. शेती संपली तसे पुरुष कैरोसारख्या शहरांत नोकरीला गेले आणि गावांत मुख्यतः स्त्रिया, मुले व वृद्ध राहिले. त्यानंतर १९६० च्या दशकात वरच्या बाजूला उंच धरण आले आणि उरलेली गावेही गेली. इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार लोक कोम ओम्बो परिसरात आणि सुदानमधील जवळजवळ तितकेच लोक दूर खश्म अल-गिर्बाला हलवण्यात आले.

अस्वानजवळच्या फिले बेटावरील प्राचीन मंदिराचे जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या धरणाच्या पाण्यात ते वर्षातील बराच काळ उभे असे. अखेर युनेस्कोच्या मोहिमेत त्याचा एकेक दगड उचलून ते शेजारच्या बेटावर पुन्हा उभारण्यात आले. मंदिर वाचवण्यासाठी जग एकत्र आले याचा मला आनंदच आहे. तेवढीच काळजीपूर्वक नोंद गावांची झाली असती तर अधिक आनंद झाला असता.

प्रत्येक वाढीच्या वेळी नुकसान भरपाई दिली गेली, परंतु ती त्या वेळी बुडणाऱ्या जमिनीची होती. एकाच कुटुंबाने दोन पिढ्यांत तीन वेळा घर मांडण्याची किंमत कोणत्याच टप्प्याच्या हिशेबात आली नाही.

रेवा

नीलकंठ यांनी लिहिले आहे ते वाचून थांबावे लागले. माझे आजोळ प्रकल्पग्रस्त आहे. धरणाचे आणि खात्याचे नाव येथे लिहीत नाही.

बाहेरच्या माणसाला जुन्या पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे जलाशय पूर्ण भरल्यावरच्या पाणीपातळीच्या, वरची जमीन मोकळी, पडीक दिसते. ती तशी नसते. विस्थापित झालेली कित्येक कुटुंबे दूरच्या वसाहतीत जमीन निकृष्ट निघाल्यामुळे किंवा ती मिळालीच नाही म्हणून परत येतात आणि काठावर राहतात. कागदोपत्री ती तेथे नसतात. उन्हाळ्याकडे पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन ती कसतात, जलाशयात मासेमारी करतात आणि गुरे वरच्या उतारावर चारतात. धरणाने जे घेतले त्याच्याच कडेला त्यांनी दुसरे आयुष्य उभे केलेले असते.

उंची वाढली की हा संपूर्ण पट्टा वर सरकतो. जुनी गाळपेर कायमची पाण्याखाली जाते आणि नवी उघडी पडते ती मुरमाड उतारावर, जेथे गाळ बसायला अनेक वर्षे लागतात. सर्वेक्षण करणारे आले तेव्हा आमच्या माणसांना सांगण्यात आले की तुमचे पुनर्वसन पूर्वीच झाले आहे, एकदा लाभ घेतलेल्यांना पुन्हा पात्रता नाही. ज्यांच्याकडे पहिल्या वेळचे कागद होते ते जुने लाभार्थी ठरले आणि ज्यांच्याकडे नव्हते ते अतिक्रमण करणारे ठरले. दोन्हींपैकी कोणालाच काही मिळाले नाही.

विवेक_प

रेवाताईंचा अनुभव क्लेशदायक आहे आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एक प्रश्न विचारतो. सौर आणि पवन ऊर्जा वाढत आहे, परंतु सूर्य मावळल्यावरही मागणी मोठी असते. त्या वेळी काही मिनिटांत सुरू होणारी आणि तितक्याच लवकर थांबणारी वीज जलविद्युत केंद्रे देतात. ती नको असेल तर बराचसा भार कोळशावर पडतो आणि कोळसाही माणसांना उठवतोच. सिंगरौलीमध्ये रिहंद धरणाने विस्थापित झालेल्या अनेक कुटुंबांना पुढे खाणी आणि औष्णिक केंद्रांसाठी पुन्हा हलावे लागले. विजेचा कोणताही मार्ग निष्पाप नसेल, तर सर्वांत कमी हानी कोठे आहे हे मोजावेच लागेल. त्या मोजणीत धरणाची उंची वाढवणे काही ठिकाणी नक्कीच पुढे असेल.

शेवाळ

मोजणीची भाषा मला मान्य आहे, म्हणून परिसंस्थेच्या बाजूचे काही मुद्दे मांडते. माझे काम गोड्या पाण्यातील जीवांवर आहे.

पहिला मुद्दा बेटांचा. व्हेनेझुएलातील गुरी धरणाचे पहिले टप्पे १९७० च्या दशकापर्यंत झाले आणि नंतर उंची वाढवून १९८६ मध्ये ते आजच्या स्वरूपात आले. जलाशय चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा झाला आणि जंगलातील टेकड्यांचे माथे बेटे होऊन राहिले. जॉन टेरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटांचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान बेटांवर शिकारी प्राणी टिकले नाहीत. त्यामुळे पाने कातरणाऱ्या मुंग्या, इग्वाना, उंदीर आणि हाउलर माकडे यांची घनता मुख्य भूमीच्या दहा ते शंभर पट झाली आणि झाडांची रोपे उगवताच फस्त होऊ लागली. बेटे बुडाली नव्हती. पर्यावरणीय अहवालात ती वाचलेल्या क्षेत्रात मोडली असती. तरीही त्यांच्यावरचे जंगल नव्याने उगवणे जवळजवळ थांबले.

दुसरा मुद्दा मिथेनचा. बुडालेली माती आणि वनस्पती प्राणवायूविना कुजतात तेव्हा मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. खोल पाण्यात त्याचे बुडबुडे वर येईपर्यंत बरेचसे विरघळतात आणि त्यातील काही भागाचे विघटन होते. उथळ पाण्यात ते थेट हवेत जातात. उंची वाढवल्यामुळे जो नवा भाग मिळतो तो नेमका उथळ काठाचा असतो. शिवाय पाणी ओसरल्यावर त्या काठावर दरवर्षी हिरवळ उगवते आणि पातळी वाढली की ती पुन्हा बुडून कुजते. पहिल्या बुडीत जंगलातून होणारे उत्सर्जन कालांतराने कमी होत जाते, पण काठावरची ही प्रक्रिया दरवर्षी नव्याने घडते. याचे प्रमाण हवामानावर फार अवलंबून असते. ब्राझीलमधील बालबिना हे टोकाचे उदाहरण आहे: २५० मेगावॅटसाठी दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक वर्षावन पाण्याखाली गेले. थंड प्रदेशातील खोल, अरुंद जलाशयांची गोष्ट निराळी असते आणि ती मी याच मापाने मोजणार नाही.

तिसरा मुद्दा खालच्या नदीचा, ज्याकडे अशा प्रस्तावांत सर्वांत कमी पाहिले जाते. साठवण वाढते याचा अर्थ पूर्वी सांडव्यावरून जाणारे पुराचे पाणीही आता अडते. त्या पुरांवर नदीचे खालचे आयुष्य चालते. अनेक माशांचे प्रजनन पहिल्या पुराच्या इशाऱ्यावर सुरू होते, पात्रातील वाळू व गोटे त्याच पाण्याने धुतले जातात आणि काठची पूरमैदाने त्यानेच भिजतात. जलाशय खोल झाला की तळाचे पाणी अधिक थंड आणि प्राणवायूने हीन होते. वीजगृहाचे तोंड तेथे असेल तर तेच पाणी नदीत येते. अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणाखाली कोलोरॅडोचे पाणी इतके थंड झाले की तेथील मूळच्या माशांची वाढच खुंटली. १९९६ पासून तेथे मुद्दाम मोठा विसर्ग सोडून वाळूचे काठ पुन्हा तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत.

ओंकार

भूकंपाचा विषय कोणी काढलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाशी संबंधित भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठ्यांत गणला जातो. त्यात सुमारे १८० माणसे गेली. उंची वाढवल्याने असा धोका वाढतो का?

सांडवा

सरसकट होय म्हणता येणार नाही. खडकात आधीच ताण साचलेला असावा लागतो. जलाशयाचे वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब तो मोकळा होण्याचे निमित्त ठरतो. मात्र कोयनेच्या नोंदींच्या अभ्यासातून संशोधकांनी जलाशय भरण्याचा वेग आणि पूर्वीच्या सर्वोच्च पातळीच्या वर जाणारे पाणी या दोन गोष्टींकडे लक्ष वेधले आहे. उंची वाढवल्यावर दुसरी गोष्ट अटळच असते. म्हणून भूकंपप्रवण भागात वाढीव साठा एकाच पावसाळ्यात न भरता टप्प्याटप्प्याने भरावा आणि भूकंपमापकांचे जाळे त्याआधी काही वर्षे कार्यरत असावे. जुन्या भिंतीवर वाढलेला भारही वेगळा तपासावा लागतो. पाण्याचा आडवा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे खोली दहा टक्क्यांनी वाढली तर रेटा एकवीस टक्क्यांनी वाढतो.

अनिकेत

गाळामुळे कमी झालेला साठा परत मिळवण्यासाठी उंची वाढवली जाते असेही वाचले होते. गाळ काढणे सोपे नाही का?

सांडवा

मोठ्या जलाशयातून गाळ उपसणे फार खर्चिक असते आणि तो टाकायचा कोठे हा प्रश्न राहतो. पाकव्याप्त काश्मीरमधील मंगला धरण हे तुम्ही म्हणता त्याचे उदाहरण आहे. १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा बराच साठा गाळाने व्यापला. तो भरून काढण्यासाठी २००४ पासून पुढच्या काही वर्षांत त्याची उंची तीस फुटांनी वाढवण्यात आली. पहिल्या वेळी जुने मीरपूर शहर बुडाले होते आणि एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले होते. त्यांतील कित्येक ब्रिटनमध्ये गेले. दुसऱ्या वेळी पुन्हा त्याच परिसरातील हजारो घरे गेली. गाळाचे कारण मात्र वरच्या पाणलोटात तसेच राहिले. पाणलोटात मृदसंधारण आणि धरणातून गाळ वाहून जाण्यासाठी तळाचे दरवाजे, यांवर आधी खर्च व्हायला हवा असे माझे मत आहे.

यातच आणखी एक गोष्ट सांगतो. नदी जलाशयात शिरते तेथे वेग मंदावून गाळ बसतो आणि तो थर हळूहळू वरच्या बाजूला सरकतो. त्यामुळे पुराचा फुगवटा, म्हणजे जलाशयामुळे नदीत मागे तुंबून चढणारे पाणी, कागदावरील पातळीच्या वर आणि अधिक दूरपर्यंत जाऊ शकतो.

ओंकार

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला सांगली-कोल्हापूरकडून विरोध होतो तो याच फुगवट्यामुळे ना?

सांडवा

होय, भीती तीच आहे. २०१९ च्या पुराची चौकशी करणाऱ्या समितीने त्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नव्हते, आणि तो निष्कर्ष सर्वांना मान्य झालेला नाही. परंतु ते अनुमान तेव्हाच्या पातळीसाठी होते. नव्या पातळीसाठी, गाळाचा परिणाम धरून, नव्याने गणित करावे लागेल.

विवेक_प

उंची वाढवण्याची चांगली उदाहरणेही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मोव्हाझां धरण १९९१ मध्ये साडेतेरा मीटरने आणि लुझोने धरण १९९० च्या दशकाच्या अखेरीस सतरा मीटरने वाढवण्यात आले. उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी साठवून हिवाळ्यात वीज निर्माण करणे हा हेतू होता. दोन्ही ठिकाणी उंच, अरुंद, खडकाळ दऱ्या होत्या.

नीलकंठ

मान्य, आणि त्याच देशात ग्रिमसेल जलाशयाची पातळी तेवीस मीटरने वाढवण्याचा प्रस्ताव काठावरच्या दलदलीच्या भूभागामुळे अनेक वर्षे न्यायालयांत अडकला, कारण १९८७ च्या जनमतानंतर अशा भूभागांना तेथे घटनेचे संरक्षण आहे. ज्या समाजाला असे संरक्षण नसते त्याचे काय होते ते कॅलिफोर्नियातील शास्ता धरणावर दिसते. पहिल्या धरणाने विनेमेम विंटू या आदिवासी समाजाची मॅक्लाउड नदीकाठची बहुतेक भूमी बुडवली. आता साडेअठरा फुटांची वाढ प्रस्तावित आहे आणि त्यांची जी पवित्र स्थळे उरली आहेत त्यांतील अनेक तेवढ्या पट्ट्यात येतात. सहाशे फुटी भिंतीच्या मानाने साडेअठरा फूट ही किरकोळ वाढ आहे. त्या समाजासाठी मात्र तेवढेच शिल्लक आहे.

रेवा

नर्मदेचाही उल्लेख व्हायला हवा. सरदार सरोवराची उंची एकदम वाढली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये ९० मीटरपर्यंत परवानगी दिली आणि पुढची प्रत्येक वाढ पुनर्वसनाशी जोडली. २००६ मध्ये १२१.९२ मीटर झाले, २०१४ मध्ये १३८.६८ मीटरला परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. टप्प्यांची कल्पना उत्तम होती: मागच्यांचे पुनर्वसन झाल्याशिवाय पुढची वाढ नाही. प्रत्यक्षात पुनर्वसन पूर्ण झाल्याचे अहवाल वेळेवर येत राहिले आणि जमिनीची वाट पाहणारी कुटुंबेही तेथेच राहिली. महाराष्ट्रातील ३३ गावे त्यात बाधित झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाने विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला, पण त्या डोंगरातील बुडालेल्या पाड्यांनी तो कधी मागितला नव्हता.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न सौम्य पर्यायाचा होता आणि आता मी तो अधिक नेमका करू शकते. विवेक यांची मोजणीची मागणी मला मान्य आहे, परंतु ती मोजणी पहिल्या धरणाच्या भूमिपूजनापासून सुरू व्हावी. पहिल्या टप्प्यातील एकाही कुटुंबाची जमीन देणे असेल तर दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावात ते देणे आधी लिहिले जावे आणि ते फिटेपर्यंत काम सुरू होऊ नये. दुसरे असे की, तेवढीच वीज अन्य मार्गांनी मिळते का हे त्याच अहवालात दाखवावे. जुन्या टरबाइनांचे नूतनीकरण किंवा जलाशयावर तरंगते सौर संच बसवून दिवसा पाणी राखणे आणि संध्याकाळी वापरणे, हे पर्याय त्यात असावेत. ओंकारेश्वर जलाशयावर असे संच बसलेही आहेत.

रेवा

तरंगत्या संचांनी मासेमारीची जागा अडते, तेव्हा काठावरच्यांना तेथेही विचारावे लागेल. आणि सर्वेक्षण नोंदींवरून न करता उन्हाळ्यात गाळपेरीच्या हंगामात प्रत्यक्ष काठावर फिरून करावे. तेव्हाच खरी माणसे दिसतात. सांडवा सर, नव्या पातळीची हद्द दाखवणारे दगड नेमके कोठे रोवतात? आमच्याकडे ते रोवल्यानंतरही पाणी त्यांच्या वर आले होते.

सांडवा

सहसा ते पूर्ण संचय पातळीवर रोवले जातात, आणि चूक तेथेच होते. स्थिर पाण्याची पातळी आणि पुराच्या वेळची फुगवट्याची पातळी यांत नदीच्या वरच्या टोकाकडे मोठा फरक पडतो. गाळाचा थर वाढत जाईल तसा तो आणखी वाढतो. म्हणून दगड पूरपातळीवर, पुढील काही दशकांचा गाळ धरून रोवले जावेत, संपादनाची हद्द तीच असावी आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन ती पायी आखावी. हे काम निविदा निघण्यापूर्वी व्हावे लागते. कंत्राट दिल्यानंतर हद्द वर सरकवणे म्हणजे खर्च वाढवणे, आणि त्यासाठी सही करणारा अधिकारी मला माझ्या संपूर्ण नोकरीत भेटला नाही.